शुक्रवारची गिटार

पस्तिशीतली ती बाई आज माझ्या दारात आली, तर मी तिला पाणी देईन, पंख्याखाली बसवीन आणि सांगेन, "अगं बये, आधी जरा आडवी हो." पण ती ऐकायची नाही. सकाळी सातला शाळेत कारकुनी, दुपारी घरी येऊन धुणं-भांडी, दोन मुलींची दप्तरं, संध्याकाळी पुन्हा पोळ्या. एवढं करून अंगात काही शिल्लक राहत नसताना तिला इलेक्ट्रिक गिटार वाजवायची होती. तीही भिवंडीत! आमच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे कापड विणायचे बारा लूम होते. फळीवरचे डबे दिवसभर एकमेकांवर वाजत असत.

ती बाई म्हणजे मीच. नातवंडं विचारतात, "आजी, तू खरंच गिटार वाजवायचीस?" मी "हो" म्हणते आणि पुढचं सांगत नाही. पुढचं सांगायचं तर फार शोभा होते. पण आता या वयात शोभेला घाबरून करायचं काय?

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. साधी गिटार मला येत होती. माहेरी कल्याणला शेजारच्या काकांनी शिकवली होती, आणि लग्नात रुखवताच्या भांड्यांबरोबर ती गिटारही सासरी आली होती. सासरी तिच्यावर बरीच वर्षं ओल्या ओढण्या वाळत होत्या. शाळेच्या सहलीत कधी वाजवली, तेवढीच. पण त्या सहलीत आमच्या मोठ्या बाईंनी ती ऐकली होती.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. तीस वर्षं त्याच शाळेत. आमच्या सभागृहाच्या मागे नाला, आणि नाल्यापलीकडे चाळीस लूमचा कारखाना. तीस वर्षं त्या आवाजावर आवाज चढवून बाईंचा गळा कायमचा बसला होता. बोलल्या की वाळलेल्या पानांवर कुणी चालतंय असं वाटायचं. एप्रिलमध्ये त्या निवृत्त होणार होत्या. ऑक्टोबरात त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"निरोप समारंभात मला भाषणं नकोत," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी ओरडले. शेवटच्या दिवशी माझ्यासाठी आणखी कुणी ओरडू नये. तू आपली प्रार्थना गिटारवर वाजव. पण मला ऐकू आली पाहिजे. शेवटच्या ओळीपर्यंत."

"बाई, साधी गिटार त्या हॉलमध्ये कुठं ऐकू येणार?"

"मग?"

"इलेक्ट्रिक आणते," मी म्हटलं. वाण्याकडून जिरं आणते म्हणावं, तसं.

घरी सांगितल्यावर आमचे हे पेपरमधून डोकंही वर न काढता म्हणाले, "बाकीची कामं संपली वाटतं?" मला तेव्हा वाटलं, या माणसाला कलेची जाण नाही. आज वाटतं, प्रश्न अगदी साधा होता आणि उत्तर 'नाही' असं होतं.

गावात एक चाचा होते. रेडिओ दुरुस्त करायचे, लग्नाच्या बँडवाल्यांना अँप्लिफायर बनवून द्यायचे, ऑर्केस्ट्रा सोडून गेलेल्यांची वाद्यं विकायला ठेवायचे. त्यांची गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंनी कारखानेच. पहिल्यांदा गेले त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडासमोर हातवारे करून बोललो. शेवटी ते ओरडले, "बाई, जुम्मे को आओ! नमाज़ के बाद! उस दिन लूम बंद, कान चालू!"

म्हणून मी शुक्रवारी गेले. आणि मग दर शुक्रवारीच जात राहिले. सगळ्या गोंधळाचं मूळ तिथंच होतं, पण हे कळायला मला जवळजवळ सहा महिने लागले. हुशार बाई, मॅट्रिकला पहिल्या वर्गात आलेली.

दुकानात दोन गिटार होत्या. एक तपकिरी, रंग उडालेली, आणि एक लाल, चकचकीत. चाचांनी तपकिरी पुढे केली. "ये लो. इसकी गर्दन सीधी है. तार नीचे हैं, उंगली को तकलीफ़ नहीं."

मी लाल घेतली. का? तर माझ्याकडे त्याच रंगाची साडी होती. चारी बाजूंनी विचार करून घेतलेला निर्णय होता तो! लाल गिटारची मान पुढे वाकलेली. तारा पट्टीपासून इतक्या उंच की खालून मुंगळा ताठ मानेनं गेला असता. पहिल्या आठवड्यात डाव्या हाताची तीन बोटं फुटली. त्याच बोटांनी फोडणीत मिरच्या टाकायच्या, त्याच बोटांनी हजेरीपटावर आकडे मांडायचे. चाचांनी मान उघडली, सांध्यात पोस्टकार्डाची दुहेरी घडी घातली, मान थोडी मागे गेली. मग तारा खाली आल्या आणि पट्टीला लागून झणझण करायला लागल्या. घडी काढून एकपदरी घातली. मग बरं झालं. त्या पोस्टकार्डावर कुणाच्या तरी मामेभावाच्या साखरपुड्याचं आमंत्रण होतं, तेही वाचून झालं.

अँप्लिफायर चाचांनीच बनवला. प्लायवूडचा खोका, आत जुना स्पीकर, पुढे भिवंडीचंच मांजरपाट ताणून लावलेलं. तीन खुंट्या, म्हणजे फिरवायची बटणं: आवाज, खर्ज आणि तिसरी कशाची ते चाचांनाही नक्की सांगता येत नव्हतं. "इसको मत छेड़ो, ये अच्छी है," एवढंच. दुकानात मी एक तार छेडली आणि सबंध गल्लीत ती सरळ, स्वच्छ पसरली. मला रडू यायचं बाकी होतं. खोका रिक्षात घालून मी राणीसारखी घरी आले.

शनिवारी दुपारी घरी प्लग लावला आणि खोक्यातून आवाज आला, "गुंऽऽऽई."

मी अजून तारेला हातही लावला नव्हता. खुंटी वाढवली, गुंई वाढली. प्रार्थनेची पहिली ओळ वाजवली तर ती गुंईच्या आत बुडून गेली. धाकटी मुलगी म्हणाली, "आई, याच्यात माशी आहे."

पुढच्या शुक्रवारी सगळं बोचकं बांधून पुन्हा चाचांकडे. गिटार जुन्या चादरीत, खोका मांडीवर. दुकानात प्लग लावला. शांत! चाचांनी कान खोक्याला लावला, मग माझ्याकडे बघितलं.

"आवाज़ किधर है, बाई?"

"घरी आहे ना!"

"मतलब, यहाँ लाए नहीं?"

मला असं लाजल्यासारखं झालं म्हणून सांगू. रात्रभर खोकणारं मूल डॉक्टरसमोर गप्प बसतं, तसं त्या खोक्यानं केलं होतं. तरी चाचांनी माझं मन राखायला वायर बदलली. शनिवारी घरी गुंई. पुढच्या शुक्रवारी त्यांनी आतला ट्रान्सफॉर्मर बदलला. शनिवारी गुंई. मग म्हणाले, घरात अर्थिंग नसेल. म्हणून मी रविवारी अंगणात फावडं घेऊन खड्डा खणला, त्यात लोखंडी सळई, कोळसा आणि जाडं मीठ घातलं. शेजारीण कठड्यावरून बघत होती. "कुणाची दृष्ट काढताय?" तिनं विचारलं. मी घामानं निथळत होते, कंबर मोडली होती, आणि मी तिला अर्थिंग समजावून सांगत बसले. ती बिचारी मान डोलवत राहिली आणि संध्याकाळी आमच्याकडे लिंबू-मिरची पाठवून दिली.

गुंई तशीच.

मग सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. चाचा म्हणाले, गिटारच्या पोटात तो चिकटवला तर बाहेरचा आवाज आत येत नाही. आमच्या घरात कुणी सिगारेट ओढत नाही, म्हणून शाळेतल्या शिपाईमामांना सांगितलं. मामा जवळच्या वळ गावचे. सकाळी सायकलवर यायचे, वाटेतल्या चहाच्या टपऱ्यांवरून पाकिटं गोळा करून आणायचे. तीन आठवडे त्यांच्या डब्याच्या पिशवीला तंबाखूचा वास येत होता.

"घरात बायकू इचारते, कवापासून सुरू केलीस?" मामा म्हणाले. "म्या सांगितला, शालेतल्या बाईंना लागतान."

"मामा! असं सांगितलंत?"

"मंग काय खोटा हाय?"

वळ गावात माझी काय कीर्ती झाली असेल ती असो. कागद लावल्यावर फरक पडला तो एवढाच, की गिटार आतून सुंदर दिसायला लागली. फेब्रुवारी गेला. मार्च आला, परीक्षांचे पेपर सायक्लोस्टाइल करायचे, निकालपत्रकं, आणि दर शुक्रवारी ते बोचकं. मी थकून गेले होते. रिक्षात बसल्या बसल्या डोळा लागायचा. एकदा उतरताना खोकाच विसरले, रिक्षावाला परत घेऊन आला. मनात आलं, देवानं सुटायची संधी दिली होती आणि या भल्या माणसानं घालवली. मोठ्या बाई मात्र ऑफिसातून जाता-येता विचारायच्या, "काय गं, जमतंय ना?" आणि मी म्हणायचे, "जमतंय की!" ही बाई खोटं किती सहज बोलायची!

एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी चाचा मालेगावला लग्नाला गेले. दुकान बंद. सामान घरीच राहिलं. दुपारी जेवून मी भिंतीला टेकून बसले होते. खोका समोर. रागानं, नुसत्या रागानं, मी प्लग लावला. आवाजच नाही. खुंटी पूर्ण फिरवली. काही नाही.

"अहो!" मी हाक मारली. हे त्या दिवशी पोट बिघडलं म्हणून रजेवर होते. "अहो, बिघडला हो! आता तर गुंईसुद्धा करत नाही!"

हे आतून आले. खोक्याकडे बघितलं. "वाजवून बघ."

मी सहाही तारांवर एकदम हात मारला. फळीवरचा चहाचा डबा खाली आला. शेजारची कठड्यावर आली, समोरच्या चाळीतली माणसं गॅलरीत आली, आणि आमचे हे पोट धरून मटकन खाली बसले. खोका बिघडला नव्हता. खोका उत्तम होता. मी खुंटी कमी केली आणि प्रार्थनेची पहिली ओळ वाजवली. एवढी स्वच्छ, की मलाच शंका आली हे मी वाजवतेय का.

हे बराच वेळ भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "आज शुक्रवार ना?"

"हो."

"लूम बंद."

"हो, मग?"

"दर शुक्रवारी तू हे घेऊन कुठं असतेस?"

त्या भिंतीला पाठ लावून मी बसले होते. एरवी ती पाठीत थरथरायची. त्या दिवशी ती साधी भिंत होती. गुंई खोक्याची नव्हतीच, वायरीची नव्हती, पोस्टकार्डाची तर नव्हतीच. भिंतीपलीकडच्या बारा मोटरी माझ्या गिटारमध्ये शिरत होत्या. सहा महिन्यांत एकही शुक्रवार गिटार घरी नव्हती, आणि शुक्रवार सोडून एकही दिवस ती दुकानात नव्हती. मी आणि चाचा, दोघं शहाणे, सहा महिने फक्त निरोगी पेशंट तपासत होतो.

सोमवारी मी मोठ्या बाईंकडे धावले. "बाई, समारंभ शुक्रवारी ठेवू या."

"माझी सेवा या महिन्याच्या शेवटच्या बुधवारी संपते," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी मी या शाळेची कोण? पाहुणी? बुधवारीच होईल." आणि नाकावरचा चष्मा सारखा करून पुन्हा सह्या करायला लागल्या. बाईंचं 'होईल' म्हणजे शाळेची घंटा. तिच्याशी वाद घालत नाहीत.

चाचा मालेगावहून आल्यावर मी त्यांना एका शनिवारी घरीच घेऊन आले. लूम जोरात चालू. त्यांनी खोका लावला, गुंई ऐकली, आणि कपाळावर हात मारून घेतला. "या अल्लाह! ये तो मेरे मोहल्ले की आवाज़ है, मैं ही नहीं पहचाना!" मग त्यांनी गिटार माझ्या गळ्यात अडकवली आणि म्हणाले, "अब धीरे-धीरे घूमो. जैसे हम लोग नमाज़ के लिए क़िब्ला ढूँढते हैं."

मी फिरू लागले. उजवीकडे वळले, गुंई वाढली. आणखी वळले, कमी झाली. भिंतीकडे पूर्ण पाठ केली, तारांवर हात ठेवला, आणि गुंई जवळजवळ मेली.

"बस! यही रुख़!" चाचा ओरडले. "लूम और गिटार के बीच में आप. आप आड़ हो. पीठ लूम की तरफ़, बस, इतना याद रखो."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना दोनदा चहा दिला. हॉलचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. तो आला समारंभाच्या आदल्या दिवशी, सगळं सामान घेऊन मामांबरोबर हॉलमध्ये उभी राहिले तेव्हा. सिमेंटचं स्टेज एका टोकाला, प्लगचं एकुलतं एक बटण तिथंच. समोर प्रेक्षक. प्रेक्षकांच्या मागे खिडक्या, खिडक्यांमागे नाला, नाल्यामागे चाळीस लूम. पाठ लूमकडे करायची म्हणजे पाठ सगळ्यांकडे करायची.

"मोठ्या बाईंकडं पाठ?" मामांनी जीभ चावली. "बाई, असा कसा? तेंच्या सामने आमी खुर्चीत पन बसत न्हाय."

"मग काय करू, मामा? तोंड केलं तर त्यांना काही ऐकू यायचं नाही."

मामांनी खूप विचार केला. "मंग आदी पाया पडा. मंग पाठ करा. मंग चालतंय."

मी त्या रात्री एक निवेदन लिहून काढलं, विद्युत-चुंबकीय लहरींवर, पाऊण पानाचं, शुद्ध मराठीत. बुधवारी लाल साडी नेसून, लाल गिटार गळ्यात घालून मी ते स्टेजवरून मोठ्यानं वाचलं. चाळीस लूमच्या आवाजात पहिल्या रांगेला फक्त 'लहरी' हा शब्द ऐकू आला, असं मला नंतर समजलं. मोठ्या बाईंना वेताच्या खुर्चीत मधोमध बसवलं होतं, बाजूला संस्थेची मोठी माणसं. मी खाली उतरून त्यांच्या पाया पडले, वर गेले आणि सगळ्यांकडे पाठ केली.

मागून कुजबुज उठली. एक आवाज, संस्थेतल्या कुणाचा तरी, अगदी स्पष्ट आला: "हे काय नवीन?" माझ्या मानेवरून घामाची धार खाली गेली. मामांनी खोक्याशेजारी बैठक मारली होती. त्यांनी खुंटी फिरवली, माझ्याकडे बघितलं, मान हलवली. गुंई नव्हती.

मी वाजवायला लागले. समोर नुसती निळ्या चुन्याची भिंत आणि एक जुना, पुसलेला सुविचाराचा फळा. प्रत्येक सूर न तुटता गेला. फुटलेली बोटं, मार्च महिना, खड्डा, रिक्षा, सगळं मी विसरले. दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा मागची कुजबुज थांबली. शेवटच्या ओळीला मी जरा जास्तच वेळ घेतला, कारण मला खात्री होती, मागे बाई डोळे पुसत असणार. शेवटचा सूर विरला. मी टाळ्यांची वाट बघितली.

टाळ्या नाहीत.

वळून बघितलं तर सगळे मोठ्या बाईंकडे बघत होते. बाईंची मान खुर्चीच्या पाठीवर टेकली होती. तोंड थोडं उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हार मांडीवर सरकलेला. गाढ झोपल्या होत्या.

तीस वर्षांत बाईंना जांभई देतानाही कुणी पाहिलं नव्हतं. त्यांना उठवायची कुणाची छाती नव्हती. मी तिथंच उभी. राग असा आला, असा आला! सहा महिने! मामा खालच्या आवाजात म्हणाले, "झोपू द्या, बाई. लई दिसांची झोप हाय ती." मला मामांचाही राग आला.

मग मागच्या रांगेतल्या मुलींनी धीर करून टाळ्या वाजवल्या आणि बाई जाग्या झाल्या. चष्मा सारखा केला. "संपलं?"

"हो, बाई."

"मला काहीच कळलं नाही. पुन्हा वाजव. आणि इकडे तोंड कर, कोण वाजवतंय ते तरी दिसू दे."

"बाई, इकडे तोंड केलं तर लूमचा आवाज येतो. गुंई."

"येऊ दे. माझी काय आजची ओळख आहे त्याची?"

मी तोंड केलं. "गुंऽऽई" करत सबंध कारखाना खोक्यात येऊन बसला. संस्थेतल्या एकानं कानावर हात ठेवला. मी वाजवलं, पण हात गळून गेले होते, दुसऱ्या कडव्यात दोनदा चुकले, एकदा भलत्याच तारेवर गेले. बाई मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत ताठ बसून होत्या, डोळे उघडे, परीक्षेच्या हॉलमध्ये बसायच्या तशा. एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटली नाही. या वेळी टाळ्या झाल्या.

मी खाली उतरून पुन्हा पाया पडायला वाकले. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि त्या वाळलेल्या आवाजात म्हणाल्या, "पहिल्यांदा जास्त छान वाजवलंस."

"बाई, पहिल्यांदा तुम्ही झोपला होतात!"

"म्हणून तर सांगते."

त्या हसत नव्हत्या. आता दुपारी कुणी रेडिओ लावला की पाच मिनिटांत माझा डोळा लागतो, आणि नातवंडं म्हणतात, आजी ऐकत नाही. पण तेव्हाची ती पस्तीस वर्षांची बाई, तिला वाटलं आपला भर सभेत अपमान झाला. तिनं नमस्कार अर्धाच केला, स्टेजवर चढून तिथं ठेवलेली गिटार उचलून गळ्यात घातली, आणि लाल साडीचा पदर खोचून ताडताड दाराकडे निघाली. उतरताना तिसऱ्या पायरीला मागून कुणी तरी ओढल्यासारखं झालं आणि खोका स्टेजच्या कडेपर्यंत घसरत आला.

"बाई, वायर!" मामा ओरडले. "वायर काढा आदी!"